मदत हवी आहे: मांजरीला उलट्या-जुलाब, ऊन उतरेपर्यंत थांबू की आत्ताच नेऊ?

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, देशी, दोन वर्षांची, घरातच असते. लसी झाल्यात, जंताचं औषधही वेळेवर.

परवा रात्री घरी सावजी चिकन होतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी लाडानं तिला रश्श्यातला तुकडा टाकला. काल दुपारपासून उलट्या सुरू. आधी अर्धवट पचलेलं, मग पिवळं पाणी, आता नुसता पांढरा फेस. जुलाब पातळ, रक्त नाही. केसांचा गोळा एरवीही पडतो, पण तो पडला की लगेच वाटीकडे धावते. आज सुकट नाकाशी नेली तर तोंड फिरवून दिवाणाखाली जाऊन बसली. पाणी चाटते, तेही टिकत नाही. हिरडीला बोट लावलं तर चिकट लागते.

सासूबाई म्हणतात दूध-भात द्या. शेजारचे काका तापाची अर्धी गोळी घेऊन हजर! दोघांनाही थोपवलंय. पण बाहेर मे महिन्याचं ऊन, नागपुरात मानेवाड्याहून गाडीवर बास्केटमध्ये न्यायचं म्हणजे तिचे हालच. काय करू?

बोकेवाली:
ताई, थांबता काहून? आत्ताच न्या. एखादी उलटी झाली आणि मांजर खात-खेळत असलं तर घरी नजर ठेवून चालतं. तुमच्याकडे पाणीही टिकत नाही आणि हिरड्या चिकट, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. सलाईन लागू शकतं. त्यात कालपासून पोटात काही नाही. मांजराला लंघन मानवत नाही, उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठायला लागते, गुबगुबीत मांजरात तर जास्तच.

रश्श्यात कांदा-लसूण असणारच. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते काही दिवसांनी दिसतं: हिरड्या फिक्या, लघवी लालसर. डॉक्टरांना हे आधी सांगा.

गोळी अडवलीत ते फार बरं केलंत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. दूधही नको, जुलाब वाढतील.

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाहीतर जवळचा जो उघडा असेल तो. फोन करून निघा. गाडी नको, ऑटो करा, बास्केटवर ओला पंचा टाका, हवा मात्र खेळती राहू द्या. उलटीचा फोटो काढून ठेवा.

रिकामटेकडा:
तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. थोडं अवांतर, इतरांसाठी: बोका मातीत बसून नुसता कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजू नका. लघवी तुंबली असेल तर तसंच धावत सुटायचं, रात्र असो की दुपार.

चिंगीची आई:
दोरा दिसत नाही. कांद्या-लसणाचं डोक्यातही आलं नव्हतं. ऑटो बोलावलाय. तुकड्यात हाड होतं का, ते पाहुण्यांना वाटेत फोन करून विचारते.