अकिलिस टेंडन धरलंय, बीपीसी-१५७ घ्यावं का?

टेकडीवाला: पहाटे वेताळ टेकडीवर पळतो. उजव्या टाचेमागचं टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर, धरलंय. उठल्यावर पहिली पावलं टाकणं जिवावर येतं, चालून चालून सैल होतं. जिममधला एक जण बीपीसी-१५७ या पेप्टाइडची इंजेक्शनं घे म्हणतोय. कुपीसोबत ९९ टक्के शुद्धतेचा रिपोर्टही दाखवला. डिसेंबरमध्ये मॅरेथॉन आहे. कुणाला नीट माहिती आहे का?

पाषाणकर_मैत्रेयी: दादा, पेप्टाइड बनवणं हे माझं रोजचं काम, म्हणून कळकळीनं लिहितेय. बीपीसी-१५७ म्हणजे १५ अमिनो आम्लांची साखळी. झाग्रेबच्या गटानं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. उंदरांचं अकिलिस टेंडन कापून हे दिलं तर ते लवकर जुळतं, असे निष्कर्ष आहेत. माणसांवरचे अभ्यास मात्र अगदी मोजके आणि छोटे. नव्या रक्तवाहिन्या फुटायला ते मदत करतं असं दिसतं, आणि नेमकी तीच गोष्ट शरीरात कुठे कॅन्सरची गाठ दडलेली असेल तर काळजीची.

आता तो रिपोर्ट. ९९ टक्के हा आकडा एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा असतो. पेप्टाइडच्या तुलनेत त्याचे तुटके-अर्धवट तुकडे किती, एवढंच तो सांगतो. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (ताप आणणारं विष) आहे का, कुपी निर्जंतुक आहे का, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. त्या चाचण्या वेगळ्या. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेली कुपी असेल तर ती टोचून घेऊ नका.

कबड्डीची_आई: स्पर्धा खेळणाऱ्यांनी तर लांबच राहावं. वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांवर बंदी घालणारी जागतिक संस्था) यादीत २०२२ पासून बीपीसी-१५७ नावानिशी बंदी आहे. टीबी-५०० या दुसऱ्या पेप्टाइडवरही बंदीच.

फिजिओ_सहकारनगर: कुठे दुखतं? टाचेच्या हाडालगत, की चार बोटं वर? आणि अलीकडे सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लेव्होफ्लोक्सासिन घेतलंत का? या अँटिबायोटिक्सनी टेंडन दुखावतं, कधी तुटतंही.

टेकडीवाला: गोळ्या नाहीत. चार बोटं वर, चिमटीत धरलं की कळ येते.

फिजिओ_सहकारनगर: मग हे करा. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवडे टेकवा, दोन्ही पायांवर वर जा, आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच खाली सोडा. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून. प्रत्येकी १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही, आणि ती माणसांवर तपासलेली आहे. हाडालगत दुखत असतं तर टाच पायरीखाली सोडू नका म्हटलं असतं.

टेकडीवाला: पळणं बंद करू का?

फिजिओ_सहकारनगर: चढ बंद, सपाटीवर हळू पळा. दुखणं दहापैकी पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. वाढलं तर अंतर कमी करा. अचानक ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभं राहता आलं नाही, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.