4294967297 मूळ संख्या आहे का, हाताने कसं ठरवायचं?

अंकवेडा:
2 च्या 32 व्या घातात 1 मिळवला की 4294967297 येते. शेवटी 7 आहे म्हणजे 2 नि 5 बाद, अंकांची बेरीज 59 म्हणून 3 पण बाद, 7, 11, 13 ने भागून बघितलं तर बाकी उरतेच. वर्गमूळ 65536 च्या किंचित वर जातं आणि तिथपर्यंत 6542 मूळ संख्या आहेत, त्या सगळ्यांनी भागत बसायचं का? कॉम्प्युटरचं उत्तर नकोय, कारण कळायला हवंय.

शेषशून्य:
मूळ नाहीये. 641 × 6700417, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. फर्मा या गणितज्ञाचा अंदाज होता की 2 चा घातांक 1, 2, 4, 8, 16 असा दुप्पट करत जायचं नि 1 मिळवायचा, दर वेळी मूळ संख्याच येणार. 3, 5, 17, 257, 65537 पर्यंत येतेही! लगेच पुढची ही तुमची, आणि 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिचे अवयव पाडले.

त्रिज्या:
अहो पण 641 कुठून आला ते सांगा ना, खरी मजा तिथेच आहे. समजा एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. तिने 2 चे घात भागत गेलं तर 32 व्या घाताला बाकी -1 (म्हणजे 1 मिळवला की पूर्ण भाग जातो), म्हणून 64 व्या घाताला पहिल्यांदा बाकी 1 येते, त्याआधी येऊच शकत नाही, आणि मग फर्माच्याच छोट्या प्रमेयाने (2 चा, विषम मूळ संख्येपेक्षा 1 ने कमी असलेला घात घेऊन त्या मूळ संख्येने भागलं की बाकी 1 येते) त्या मूळ संख्येतून 1 वजा केला की उरलेल्याला 64 ने भाग जायलाच हवा. म्हणजे तपासायच्या फक्त 193, 257, 449, 577, 641... पाचवीलाच काम झालं, 6542 कशाला!

अंकवेडा:
वा, हे पटलं. आता 641 चा भागाकार न करता दाखवता येईल का?

त्रिज्या:
येईल की. 641 = 5 × 128 + 1, म्हणून 641 ने भागताना 5 गुणिले 2 चा 7 वा घात म्हणजे -1. दोन्हीकडे चौथा घात घ्या, 625 गुणिले 2 चा 28 वा घात म्हणजे 1. पण 641 = 625 + 16 सुद्धा आहे, म्हणून 625 च्या जागी -16 लिहा, 16 म्हणजे 2 चा 4 था घात, तो 28 ला जोडला की 32 झाले. म्हणजे 2 च्या 32 व्या घाताची बाकी -1, त्यात 1 मिळवला की शून्य. इतकी सुटसुटीत सिद्धता क्वचितच बघायला मिळते.

शेषशून्य:
अजून एक वाट आहे, अवयव न शोधता. ही संख्या 65536 चा वर्ग + 1 चा वर्ग आहे हे उघडच आहे, पण 62264 चा वर्ग + 20449 चा वर्ग केला तरी हीच येते, करून बघा. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे मांडताच येत नाही, त्यामुळे एवढ्यावरच ती संयुक्त ठरते.