स्पीड डेटिंगला कोणी गेलं आहे का? जावं का?

निंबोणी:
नमस्कार मंडळी. वय ३४, पुण्यात नोकरी, लग्न करायचंय पण घाई नाही. (आईला आहे.) विवाहमंडळात नाव घातलंय, अ‍ॅपही वापरून झाली. अ‍ॅपवर पंधरा दिवस 'जेवलीस का' चालतं आणि मग समोरचा गायब. स्थळांचं बरोबर उलटं: पहिल्याच फोनवर पॅकेज किती आणि फ्लॅट कुठे.

आता ऑफिसातल्या मैत्रिणीने बाणेरच्या एका कॅफेतल्या स्पीड डेटिंगची लिंक पाठवली आहे. शनिवारी संध्याकाळी, वयोगट २८ ते ३८, तिकीट ८०० रुपये, त्यात एक कॉफी. तिथे नक्की काय करतात? पाच मिनिटांत माणसाशी काय बोलणार? ओळखीचं कोणी निघालं तर? आणि लग्नाच्या विचाराने येणारे असतात, की सगळा टाइमपास? स्वतः जाऊन आलेल्यांनी लिहिलंत तर बरं. 'आमच्या वेळी' छापाचे प्रतिसाद चालतील, पण थोडक्यात.

खमंग_काकडी:
८०० रुपयांत एकच कॉफी? असो. मलाही हेच विचारायचं होतं, धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

तुंगभद्रा:
बंगळूरला असताना जायचे मी, म्हणून सविस्तर लिहिते.

दारात नाव सांगितलं की एक स्टिकर मिळतो, त्यावर फक्त पहिलं नाव आणि नंबर. सोबत एक कार्ड आणि पेन्सिल. मुली आपापल्या टेबलावर बसून राहतात, घंटा वाजली की मुलगे पुढच्या टेबलावर सरकतात. प्रत्येकी पाच मिनिटं धर, काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी आठ. बारा मुली, बारा मुलगे असले तर निव्वळ बोलण्याचाच एक तास. मध्यंतर आणि उशिरा उगवणारे धरून दोन तास सहज जातात.

प्रत्येक गप्पेनंतर कार्डावर त्या नंबरासमोर हो किंवा नाही अशी खूण करायची. ती तिथल्या तिथे कर, आणि शेजारी दोन शब्द खरड. नाहीतर सातव्या माणसापर्यंत तिसरा कोण होता ते आठवत नाही. माझ्या एका कार्डावर 'निळा शर्ट, हरिश्चंद्रगड, बोलू देतो' असं होतं. त्यातलं 'बोलू देतो' सगळ्यात कामाचं.

कार्डं आयोजकांकडे जातात. दोघांनीही हो म्हटलं असेल तरच दुसऱ्या दिवशी एकमेकांचे नंबर येतात. एकतर्फी हो कोणालाच कळवत नाहीत. मला हाच भाग सगळ्यात आवडला. कांदेपोह्यांनंतर नकार द्यायचा तर आठ दिवस मध्यस्थाला टोलवायचं आणि शेवटी खापर पत्रिकेवर फोडायचं, ते इथे नाही.

काय बोलायचं? 'तू काय करतोस' सगळेच विचारतात आणि चौथ्या टेबलावर स्वतःचं उत्तर ऐकून स्वतःलाच झोप यायला लागते. मी विचारायचे, 'या आठवड्यात कशावर वैतागलास?' माणूस खुलतो. एकाने मात्र पाचही मिनिटं मला प्लॉटमधली गुंतवणूक समजावली. घंटा अशा वेळी देवासारखी धावून येते.

ओळखीचं कोणी निघालंच तर तोही तिथे त्याच कामासाठी आलेला असतो, सोमवारी ऑफिसात गवगवा करणार नाही. मला आमच्याच कंपनीतला एक जण भेटला, पाच मिनिटं आम्ही कँटीनला शिव्या घातल्या.

तिकीट काढण्याआधी आयोजकांना फोन कर. मुलगे किती, मुली किती? वयोगट खरंच पाळतात का? ओळखपत्र बघतात का? अर्थात आधार कार्डावर लग्न झालंय की नाही ते लिहिलेलं नसतं, तेवढं डोक्यात ठेव. आडनाव, कंपनी, सोसायटी पहिल्या दिवशी सांगू नकोस. आणि जिथे मोठ्याने गाणी लावतात तिथे जाऊच नकोस, घसा बसतो.

अण्णा_सोलापूर:
थोडक्यातच लिहितो. १९८७ साली आमच्या ज्ञातीच्या वधू-वर मेळाव्यात स्टेजवर उभं राहून माईकवर नाव, शिक्षण, उंची, पगार सांगितला होता. समोर मुलींचे वडील वह्या घेऊन बसलेले. मुलीशी बोलायला मिळालं ते थेट साखरपुड्याच्या दिवशी. तुमच्याकडे निदान मुलीशी बोलता येतं. जावं.

कंदील:
अण्णा, तुमचा मेळावा आणि हे प्रकरण तितकं लांबचं नाही. स्पीड डेटिंग सुरू केलं ते एका ज्यू धर्मगुरूने, रब्बाय याकोव्ह डेयो यांनी, १९९८ मध्ये लॉस एंजेलिसला. हेतू काय, तर समाजातल्या तरुण मुलामुलींनी एकमेकांना भेटावं आणि समाजातच लग्नं करावीत. निंबोणी, आईने 'हे कसलं फॅड' म्हटलं तर हे सांग.

यावर संशोधनही बरंच झालंय, कारण एका संध्याकाळी एवढ्या भेटी आणि एवढे होकार-नकार एरवी कुठे मिळणार? दोन गोष्टी तुला उपयोगी पडतील. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या फिंकेल आणि ईस्टविक यांनी १५ कार्यक्रमांत ३५० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एरवी मुली जास्त चोखंदळ दिसतात. पण अर्ध्या कार्यक्रमांत त्यांनी मुलांना बसवलं आणि मुलींना टेबलं बदलायला लावली, तर तो फरक जवळपास नाहीसा झाला. बसलेल्याला आपल्याकडे लोक येताहेत असं वाटतं आणि तो नाकं मुरडायला लागतो. तू बसलेली असणार, तेव्हा काठावरच्यांना हो म्हण.

दुसरं, २०१७ चा समँथा जोएल यांचा अभ्यास. लोकांकडून आधी स्वभाव आणि आवडीनिवडींबद्दल शंभरावर गोष्टी भरून घेतल्या, मग त्यांना स्पीड डेटिंगला बसवलं. एकूणात कोण सगळ्यांना आवडेल याचा थोडाफार अंदाज संगणकाला आला. पण अमक्याला नेमकी तमकीच आवडेल का, हे काही केल्या सांगता येईना. छत्तीस गुणवाल्यांनीही यावर विचार करावा. :)

म्हणून माझं मत: जोडीदार मिळेल म्हणून जाऊ नकोस, चाळणी म्हणून जा. स्वभाव, घरचं वातावरण, पैशांची सवय यातलं काही पाच मिनिटांत कळत नाही. या माणसाशी पुन्हा तासभर बोलायला आवडेल का, एवढंच कळतं. पण ते कळायला अ‍ॅपवर पंधरा दिवस जातात.

गप्पगप्प:
वेगळा सूर लावतो. मला मुंबईत अजिबात जमलं नाही. मी हळूहळू खुलणारा माणूस, घंटा वाजेपर्यंत माझं पहिलंच वाक्य चाललेलं. शेजारच्या टेबलावर हशा पिकला की अजूनच दातखीळ. कार्ड कोरंच राहिलं. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये मात्र दिवसभर सोबत चालताना माणसं आपोआप कळत गेली. तुझा स्वभाव माझ्यासारखा असेल तर ८०० रुपयांचं दुसरं काहीतरी कर. बोलकी असशील तर जरूर जा.

निंबोणी:
सगळ्यांचे आभार. बोलकी आहे, प्रश्नच नाही. आईला रब्बायची गोष्ट सांगितली. 'बरं, मग त्यात आपल्यातले किती येणार?' असं विचारलं तिने.

आयोजकांना फोन केला. ओळखपत्र बघतात, गाणी नाहीत. लग्नाचाच विचार असलेले किती, ते त्यांनाही सांगता येईना. पण मुली नऊ आणि मुलगे चौदा झालेत. हे कसं बसवणार?

तुंगभद्रा:
दर फेरीला पाच मुलगे बाजूला बसतील आणि पाळीपाळीने आत येतील. म्हणजे तुला चौदा जणांशी बोलायचंय, सत्तर मिनिटं, आणि मुलांना मिळते तशी मोकळी फेरी तुला एकही नाही. मध्यंतर कितीचं आहे ते विचार आणि पाण्याची बाटली ने. कॉफी आधीच पिऊन टाक, नंतर गार होते. आणि घरी जायला रिक्षा शोधत बसू नकोस, कोणाला तरी न्यायला बोलाव.