सह्याद्रीतल्या ज्वालामुखीचं तोंड नेमकं कुठे आहे?

कातळवेडा:
हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आमच्या वाटाड्याने सांगितलं, की हा अर्धगोल म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड, अर्धं कोसळलेलं. महाराष्ट्र लाव्हारसाचा बनलाय हे शाळेत शिकलो होतोच. पण इतके गड पाहिले, तरी शंकूसारखा डोंगर आणि माथ्यावर खड्डा असं कुठे दिसलं नाही. मग एवढा लाव्हा बाहेर आला कुठून? सहावीतली मुलगी रोज विचारते आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

विहीरवाली:
दादा, मी साक्री-नंदुरबार पट्ट्यात विहिरी आणि बोअरच्या जागा बघते, त्यामुळे या दगडाशी रोजचाच संबंध. मुलीला सांगा, आपल्याकडे तोंड शोधायचंच नाही, भेगा शोधायच्या.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. त्याच्याखाली पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येत होता. खोलवर हा खडक प्रचंड तापलेला असूनही घनच असतो, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. वर येताना दाब उतरतो आणि त्यातला काही भाग वितळतो. हा रस जमिनीला ताणून, लांबच लांब फाडून बाहेर आला. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, रसात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) कमी असते, म्हणून तो पातळ असतो आणि त्यातले वायू फारसे कोंडून राहत नाहीत. मोठा धमाका नाही, उंच शंकू नाही. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा तो सपाट पसरत गेला, थंड झाला, आणि त्याच्यावर पुढचा थर आला. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत येऊन गेला असं मानतात. आज झिजून उरलेला भागच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे.

असा उद्रेक माणसांनी पाहिलाही आहे, फक्त फार लहान. आइसलँडमध्ये लाकी इथे 1783 च्या जूनमध्ये सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. त्या वायूंनी कुरणं विषारी झाली, जनावरं मेली आणि पुढच्या दुष्काळात देशातली जवळजवळ पाचवा हिस्सा माणसं गेली. आपल्याकडच्या एकेका मोठ्या थरात लाकीच्या कित्येक पट रस आहे. डायनोसॉर संपण्यात या वायूंचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, यावर अजून वाद चालू आहे.

आता भेगा. शेवटचा रस भेगेतच गोठला, की जमिनीत उभी कातळभिंत तयार होते, तिला डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबारात अशा शेकडो भिंती आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या, काही कित्येक किलोमीटर लांब. आजूबाजूचा दगड झिजला आणि त्या अरुंद, सरळ टेकड्यांसारख्या उघड्या पडल्या. साक्रीकडे गाडीतूनसुद्धा दिसतात. माझ्या कामात त्या फार महत्त्वाच्या, कारण घट्ट डाईक जमिनीखालचं पाणी अडवते. भिंतीच्या एका अंगाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असं चित्र आमच्याकडे नवं नाही. त्यामुळे डाईक कुठून जाते हे न बघता बोअर मारणाऱ्या शेतकऱ्यांचा पैसा गेलेला पाहिला, की फार वाईट वाटतं.

कातळवेडा:
ताई, धन्यवाद, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग कोकणकडा कसा झाला?

विहीरवाली:
पावसाने आणि झिजेने. कड्याचे फोटो काढले असतील तर ते मोठे करून बघा. थर एकावर एक, जवळजवळ आडवे दिसतील. ते तोंड असतं, तर तिथे राख आणि फुटक्या दगडांचा ढीग मिळाला असता आणि थर बाहेरच्या बाजूला उतरते असते. कोकणात उतरणारे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, त्यांनी डोंगर पोखरत कडे मागे पूर्वेकडे सरकवले. कळसूबाईसुद्धा (1646 मीटर) ज्वालामुखीचा शंकू नाही, सगळीकडचे थर झिजून गेल्यावर उरलेला तुकडा आहे.

गडांचा टप्प्याटप्प्यांचा आकार याच थरांमुळे. प्रत्येक थराचं पोट घट्ट काळा पाषाण, त्याचा कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, आम्ही त्याला मांजऱ्या म्हणतो. तो लवकर झिजतो आणि कड्यांच्या मधला उतार बनतो. त्याच्या भोकांमध्ये नंतर पाण्याने आणलेली खनिजं भरली. पांढरे, चमकणारे स्फटिक सापडतात ते हेच, स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे.

मुलीला एक गोष्ट जरूर दाखवा. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला काळ्या दगडांमध्ये विटकरी लाल पट्टा असतो. वरचा लाव्हा येण्याआधी खालचा थर उघडा पडून होता, पावसापाण्याने त्याची माती झाली आणि मग ती गाडली गेली. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला निवांत काळ तिथे बोट ठेवून दाखवता येतो. मला सगळ्या सह्याद्रीत हा पट्टा सर्वांत आवडतो.

घाटवाट:
मग लोणार? ते तरी ज्वालामुखीचं विवर आहे ना?

विहीरवाली:
नाही. पूर्वी काहींना तसं वाटायचं, पण 1970 च्या दशकात तिथे भोकं पाडून अभ्यास झाला आणि आघाताने काचेसारखी झालेली खनिजं सापडली. ते अशनीने पाडलेलं विवर आहे, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. खडक मात्र आपलाच बेसाल्ट, म्हणून गोंधळ होतो. भारतातला खरा जागा ज्वालामुखी बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून ते 1991 मध्ये पुन्हा उसळलं.

कोयनाकाठ:
आमच्याकडे भूकंप होतात. खाली लाव्हा शिल्लक आहे म्हणून का? गावात तसं बोलतात.

विहीरवाली:
नाही, घाबरू नका. ज्या तापलेल्या जागेवरून आपला प्रदेश गेला, ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही वरचेवर लाव्हा ओततो. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्याच वाटेवरची रांग. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे 930 मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली लागला थंड, घट्ट, फार जुना ग्रॅनाइट. तुमच्याकडचे धक्के त्या ग्रॅनाइटमधल्या जुन्या भेगा आणि धरणाचं पाणी यांच्याशी जोडलेले आहेत. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप त्यातला सर्वांत मोठा. तेव्हा काळजी घर पक्कं बांधण्याची घ्या, लाव्हाची नको.