माउसने सूर टाकता येतात, पण वाजवता येत नाहीत

पट्टी_काळी_दोन (शहापूर, बेळगाव)
काल एकाने लिहिलं होतं, "मिडी कीबोर्डवर पैसे घालवू नका. माउसने पियानो रोलमध्ये (कॉम्प्युटरवरच्या सुरांच्या जाळीत) सूर टाका, क्वांटाइझ (सूर आपोआप तालावर बसवणारं बटण) दाबा, झाला ट्रॅक." खाली पोरांनी 'बरोबर, बरोबर' म्हणून रांग लावली. रात्रभर डोक्यातून जाईना.

मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची डिजिटल भाषा, आली तीच वाजवणाऱ्यांसाठी. 1983 मध्ये प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 हे दोन सिंथेसायझर केबलने जोडले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून वाजलं. त्या केबलमधून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, असल्या सूचनाच जातात. तो जोर 127 पर्यंत मोजतात. माझा सगळा जीव त्या जोरात आहे.

गल्लीतल्या भजनी मंडळाचा अभंग रेकॉर्ड करताना मधला तुकडा मी आधी माउसनेच टाकला. सगळे सूर 100 वर. टाळवाल्या काकांनी दोन ओळी ऐकल्या आणि टाळ खाली ठेवले. म्हणाले, "ह्याच्याबरोबर धरायचं कुठं?" मग 25 पट्ट्यांच्या छोट्या कीबोर्डवर तोच तुकडा हाताने वाजवला. नंतर जोराचे आकडे बघितले: 58, 71, 94, 66. समेआधीचा सूर केसभर मागे. काकांनी न सांगता टाळ उचलले.

निपाणी_बीट्स
ते लिहिणारा मीच. तुमच्याकडे कीबोर्ड आहे म्हणून बोलताय. मी एका दुकानातून घेतला, चार महिन्यांत दोन पट्ट्या मेल्या. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, दुकानदाराला विचारा. वडिलांना ते पैसे कशावर गेले हे मी अजून सांगितलेलं नाही.

आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवलेले सॅम्पल) 512 च्या खाली आणला की आवाज तडतडतो. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर 512 म्हणजे जवळपास 12 मिलिसेकंद, वर साउंड ड्रायव्हरचे वेगळे. बोट पडतं आता, सूर येतो मग. असं वाजवून ताल बिघडवण्यापेक्षा माउस बरा.

भाता_खानापूर
दोघेही चुकताय. अभंगाला आवाज पेटीचाच लावला असणार ना? मग सांगा, पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढतो का? चाळीस वर्षं वाजवतोय. उजवा हात सूर देतो, जोर डावा हात देतो, भात्यावर. तुमचे ते 58 आणि 94 पियानोचे हिशेब आहेत.

शिवाय हल्लीची पोरं ट्रान्सपोझचं (सगळे सूर आपोआप वरखाली करणारं) बटण दाबून सगळं पांढरी एकच्या बोटांनी वाजवतात. गायक काळी चारला आला आणि बटण सापडलं नाही की पोरगं गप्प. आमच्या गुरुजींनी बाराही सुरांना 'सा' धरून वाजवून घेतलं होतं, बोटं सुजेपर्यंत.

मींड_धारवाड
पेटीचं कौतुक पुरे. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीवर बंदी ठेवली ती उगीच नव्हे. ज्या मातीत 1924 ला सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, तिथे बसून पट्टीचे गोडवे गाता? निदान मिडी कीबोर्डला सूर वरखाली सरकवणारं पिच बेंडचं चाक तरी असतं.

भाता_खानापूर
बंदी घालणारे गेले, पेटी राहिली. कुठल्याही मैफलीत गवयाच्या डावीकडे बघा. विठ्ठलाच्या देवळात एका रात्री मराठी अभंग आणि कन्नड दासांची पदं एकाच पेटीवर होतात, तिथे कोणी श्रुती मोजत बसत नाही. तुमचं चाक फिरवलं की दाबलेले सगळेच सूर एकदम सरकतात. ती मींड म्हणता?

मींड_धारवाड
ते साध्या मिडीत, कारण बेंड अख्ख्या चॅनलला लागतो. एमपीई या मिडीच्याच वाढीव प्रकारात प्रत्येक सुराला वेगळा चॅनल मिळतो, 2018 पासून ते प्रमाण आहे. माहिती घेऊन भांडा.

भाता_खानापूर
मला माहिती शिकवू नका. भजनाला बसून दाखवा, आषाढीच्या रात्री, वीज गेल्यावर.

पट्टी_काळी_दोन
अहो, धागा माउसचा होता! पण खानापूरच्या काकांचं भात्याचं मला लागलं. काल रात्री करून बघितलं: पेटीच्या आवाजाला एक्स्प्रेशन, म्हणजे आवाज कमीजास्त करणारी मिडीची सूचना (सीसी 11), जोडलं आणि ते कीबोर्डवरच्या दुसऱ्या, मॉड्युलेशनच्या चाकावर घेतलं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा चाकावर. पहिल्यांदाच आवाज श्वास घेतल्यासारखा आला. पेटीपुरता माझा 127 चा मुद्दा मागे घेतो. माउसचा नाही घेत. डाव्या हाताचं काम माउसने रेघ ओढून होत नाही.

निपाणी_बीट्स
रेघ ओढून मी तासभर घालवला आहे, तेवढं खरं. सगळं शंभर टक्के क्वांटाइझ करा असं लिहिलं, ते चुकलं. 50-60 टक्क्यांवर ठेवलं की बरं वाटतं. पण ज्याच्याकडे कीबोर्ड नाही त्याने गाणंच करू नये, हे मी कधीच मान्य करणार नाही.

पट्टी_काळी_दोन
असं मी म्हटलंच नाही. मेलेल्या पट्ट्या घेऊन शहापूरला ये. बहुतेक वेळा आतल्या रबरी पट्टीखाली धूळ बसलेली असते, उघडून पुसू. तोवर माझा 25 वाला घेऊन जा.

भाता_खानापूर
आणि दे तेव्हा सांग त्याला, ट्रान्सपोझला हात लावायचा नाही.