शाप, भाकीत आणि स्वतःचा निर्णय: भाचीसाठी कादंबरी सुचवा

म्हापशाची मावशी:
नमस्कार मंडळी. भाची दहावीत आहे, इंग्लिश मीडियम, वाचनाचं वेड आहे. वटपौर्णिमेला घरी गप्पा चालल्या होत्या तेव्हा तिने विचारलं, मावशी, सगळं आधीच लिहिलेलं असतं तर सावित्रीने एवढी धडपड कशाला केली? प्रश्न मला खूप आवडला. तर परीकथेच्या धाटणीची, शाप वगैरे असलेली पण मुलगी स्वतः काहीतरी ठरवते अशी कादंबरी हवी. राजपुत्र येऊन सोडवतो असलं नको.

फोंडेकर:
ताई, डोळे झाकून 'एला एन्चान्टेड' द्या. गेल कार्सन लेव्हाईनची, १९९७ ची, पुढच्या वर्षी न्यूबेरी ऑनर (अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान) मिळाला. सिंड्रेलाचीच गोष्ट, पण एलाला जन्मतःच एक परी आज्ञाधारकपणाचं वरदान देऊन जाते, म्हणजे कोणीही काहीही हुकूम सोडला की तिला तो पाळावाच लागतो, नाही पाळला तर त्रास व्हायला लागतो. आणि ही पोरगी त्यातूनही वाट काढते. स्वयंपाकीण बदाम आण म्हणाली की दोनच आणणार, भांडं धर म्हणाली की धरणार पण पाय चालूच, बिचारी स्वयंपाकीण मागे मागे फिरतेय! हुकूम मोडता येत नाही पण किती नि कसा पाळायचा ते तिच्या हातात, इथेच सगळी कादंबरी आहे. शेवट सांगत नाही. २००४ चा सिनेमा आधी दाखवू नका, तो फारच वेगळा आहे.

डिचोलीची वाचक:
+१ एलाला. माझ्याकडून 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल', डायना विन जोन्स, १९८६. यात सोफी तीन बहिणींत थोरली, आणि त्यांच्या देशात थोरलीचं नशीब फुटकंच असं सगळे धरून चालतात, तीही तेच मानून टोप्यांच्या दुकानात शिवत बसते. मग एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते आणि म्हातारी झाल्यावर ती मनातलं धडाधड बोलायला लागते. मला हे जास्त खरं वाटतं, कारण आपल्याकडे पण मुलींना कोणी शाप देत नाही, लहानपणापासून तुझं असंच असायचं हे ऐकून ऐकून त्या स्वतःच मानायला लागतात.

फोंडेकर:
हो, पण सुरुवातीला एलापेक्षा जड जाते. आधी एलाच.

काणकोणकर:
पुस्तकं द्याच, पण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर महाभारतातच आहे की. सत्यवान वर्षभरात जाणार हे नारदाने लग्नाआधीच सांगितलं होतं, बाप दुसरा वर बघ म्हणाला, तरी ती हटली नाही. म्हणजे निर्णय तिने तिथेच घेतला. आणि पुढे यमाशी भांडली नाही, त्याच्याच शब्दात त्याला धरला, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग म्हणाला तर सासऱ्याची दृष्टी, राज्य असं एकेक मागत शेवटी स्वतःला शंभर पुत्र. आता नवऱ्याशिवाय कसे होणार! वर फोंडेकरांनी बदामाचं सांगितलं ते वाचून मला हेच आठवलं.

म्हापशाची मावशी:
वा, हे मी तिला असंच सांगणार. बाळ झाल्यावर सहाव्या रात्री सटी नशीब लिहायला येते म्हणून कागद-पेन ठेवतो त्यावरूनही तिचा वाद चालू असतो. पुस्तकं पणजीत मिळतील का?

डिचोलीची वाचक:
पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत आधी विचारून बघा, नसेल तर ऑनलाइन मागवा.

म्हापशाची मावशी:
बरं. शनिवारी जाते. कोणी एलाचा शेवट इथे लिहू नका हां, तिला हा धागा पाठवणार आहे.