अनुभव धागा: एसटीनं जाऊन पायी हिंडायच्या मराठवाड्यातल्या वाटा

आपल्याकडे समुद्र नाही, पण अजिंठ्याची डोंगररांग आहे, बालाघाट आहे, किनवट-माहूरचं सागाचं रान आहे. स्वतःची गाडी नसली की इथं जाता येत नाही, हा समज काढून टाकायला हा धागा. लिहिताना एवढं सांगा: कुठली गाडी धरायची, कुठल्या फाट्यावर उतरायचं, पुढे किती चालायचं, पाणी कुठे आणि परतायचं कसं. फोटो नसले तरी चालतील, परतीची गाडी मात्र लिहाच.

सिल्लोडकडून

परतीवरूनच सुरू करतो, कारण बेत फसतो तो तिथेच. खेड्यातल्या एसटीचं वेळापत्रक गावाकडून तालुक्याला जाणाऱ्यांसाठी असतं. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते आणि पहाटे निघते. म्हणजे आपल्या दिवसभराच्या भटकंतीला ती उलटी पडते. आपल्या कामाच्या गाड्या दोन. सकाळी शाळेची पोरं आणायला गावाकडे जवळजवळ रिकामी जाते ती, आणि दुपारनंतर पोरांना सोडून तालुक्याला परत फिरते ती. शाळेला सुट्टी लागली की नेमक्या याच फेऱ्या कमी होतात किंवा रद्द होतात. म्हणून दिवाळीत, मे महिन्यात आणि रविवारी आतल्या गावांचे बेत करू नयेत. आठवडी बाजाराचा दिवस उत्तम, त्या दिवशी काळी-पिवळीही भरपूर मिळते.

आता वाट. सिल्लोडहून उंडणगाव, हळदा या बाजूला गेलं की हळदा घाटात वेताळवाडीचा किल्ला. सोयगावच्या बाजूनंही जाता येतं, सोयगावपासून किल्ला चारेक किलोमीटर. घाटातल्या रस्त्यावरून बुरूज समोर दिसतात, त्यामुळे चुकायला फारसं होत नाही. दोन दरवाज्यांपैकी एक हळद्याकडे उघडतो, दुसरा वेताळवाडीकडे. एकानं चढून दुसऱ्यानं उतरलं तर तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. पायथ्याच्या वेताळवाडी गावात पाणी भरून घ्या, टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नका.

जंजाळा किल्ला आणि घटोत्कच लेणी आंभईच्या बाजूला. जंजाळा गाव पठारावरच आहे, त्यामुळे किल्ल्यात जायला चढ नाही, लेण्यांसाठी मात्र दरीत उतरावं लागतं. लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात ज्याचा लेख आहे तोच हा. सप्टेंबरमध्ये उतारावरच्या सावलीतल्या दगडांवर शेवाळ असतं. तिथे दगडावर नाही, दगडांमधल्या मातीवर पाय ठेवायचा.

कन्नड

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 सालचं, साधारण 260 चौरस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यात पसरलेलं. वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून, फी भरूनच आत जा. बिबट्या आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत बाहेर. पितळखोऱ्याला लेण्यांपर्यंत एसटी मिळेल असं धरून चालू नका. कन्नडहून रिक्षा ठरवा आणि परत न्यायला यायची वेळ तेव्हाच पक्की करा, दरीत मोबाइलला रेंज नसते.

पठाराच्या कडेवरून पायऱ्या उतरल्या की समोर हत्तींची रांग कोरलेली दिसते. तिथे वर बघायचं ते शिल्पांसाठी आणि कातळाला लटकलेल्या आग्या मोहोळांसाठीही. अत्तर, भडक वासाचं तेल, बिडी-सिगारेट, आरडाओरडा, सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. तोंड-डोकं उपरण्यानं झाकायचं आणि सरळ लांब निघून जायचं.

अंतूरच्या किल्ल्यासाठी कन्नडहून चिंचोली लिंबाजीमार्गे नागापूर गाठायचं. पुढे सहाएक किलोमीटर पायपीट, सावली जवळजवळ नाही. वाटेत फारसी लेख कोरलेला जुना मैलाचा दगड उभा आहे, कुठली वाट कुठल्या शहराला जाते ते सांगणारा. अक्षरांवर खडू किंवा पाणी फासून फोटो काढतात ते कृपा करून करू नका. जाऊन-येऊन आणि किल्ला बघून पूर्ण दिवस जातो. थंडीत माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर पाच. पाच लिटर वाहून नेणं जमत नसेल तर मार्चनंतर जाऊच नये.

खुलताबाद

अगदी सोपी वाट हवी असेल त्यांच्यासाठी: संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळमार्गे जाणारी गाडी (चढताना वाहकाला "वेरूळमार्गे का?" हे विचाराच), खुलताबादला उतरून घाटानं वेरूळपर्यंत पाचेक किलोमीटर चालत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. म्हैसमाळ खुलताबादहून बारा किलोमीटर. जाताना वाहन करा, उतरताना चाला.

वरच्यात अजिंठ्याची भर

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरलं की पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनंच जायचं. लेणी बघून सगळे परत फिरतात. पण वाघोरा नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या डोंगरावर चढलं की अर्ध्या-पाऊण तासात व्ह्यू पॉइंट. घोड्याच्या नालेसारखी दरी पूर्ण दिसते ती तिथूनच. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली ती याच बाजूनं, असं सांगतात. खाली परतायची शेवटची बस किती वाजता, हे आत शिरतानाच विचारून ठेवा.

पाटोदा, जि. बीड

सौताडा. बीड-पाटोदा-जामखेड मार्गावरची गाडी धरायची. विंचरणा नदी इथं खोल दरीत पडते, पायऱ्या उतरून तळाशी रामेश्वराचं मंदिर. आपला भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळे जूनमध्ये येऊन कोरडा कडा बघणारे बरेच. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, चांगला पाऊस होऊन गेल्यावर या. कड्याच्या टोकाला पावसानं माती भुसभुशीत होते आणि वरून गवत दिसतं म्हणून जमीन पक्की वाटते. कठड्याच्या अलीकडेच थांबा. डोहात उतरू नका, वर पाऊस झाला की पाणी आधी गढूळ होतं आणि मग झपाट्यानं वाढतं.

धाराशिव

येडशी-रामलिंग अभयारण्य छोटं, 22 चौरस किलोमीटरचं, पण हायवेला लागून. येडशीला उतरून चालत मंदिर. येडशीला रेल्वे स्टेशनही आहे, लातूर-मिरज मार्गावर. श्रावणी सोमवारी रान नाही, जत्रा असते. वानरं प्लॅस्टिकची पिशवी हमखास ओढतात, डबा सॅकच्या आत ठेवा.

किनवट

सहस्रकुंडाच्या धबधब्यासाठी इस्लापूर गाठा. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. पैनगंगेचा काळा कातळ पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला आहे, ओला असला की बूटसुद्धा धरत नाही. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की इथं पाऊस नसतानाही नदी चढते, म्हणून आधी बातमी बघा. माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया अशी टेकड्या-टेकड्यांनी वाट आहे. नवरात्रात गाड्या जादा असतात खऱ्या, पण निवांत चालणं होत नाही.

कपडे-बूट आणि तिकीट

ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुसळ पिकतं. ते लोकरी आणि जाळीदार मोज्यांत घुसलं की उपटून निघत नाही, टोचत आतच सरकतं. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला आणि घोट्याला पट्टी गुंडाळा. पावसात काळ्या रानातून जाणारी पायवाट टाळून मुरमाड बांधावरून चला, नाहीतर बुटाला किलोभर चिखल चिकटतो. घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. विजा कडाडल्या की पठार सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, ओळखपत्र जवळ ठेवा. सलग हिंडायचं असेल तर "आवडेल तेथे प्रवास"चा चार किंवा सात दिवसांचा पास आगारात मिळतो. सुटे पैसे ठेवा. आणि उतरताना वाहकालाच विचारा, "मामा, शेवटची गाडी कितीला?" चौकशीच्या खिडकीपेक्षा त्याच मार्गावरच्या वाहकाचं उत्तर जास्त खरं निघतं, आज कुठली फेरी रद्द आहे ते त्याला माहीत असतं.